बोटीत आरती सुरू झाली तेव्हा

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट आहे.

तुम्हाला माहीतच आहे, गोव्यात बोटींचं काम शिकून मी आपल्या तलावावर बोटिंग सुरू केलंय. आज चतुर्थी. राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन टेंभुर्णीचं एक कुटुंब आल्तं. निघायच्या आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घातले, पट्टे स्वतः ओढून पाहिले. उभं राहून फोटो काढायचे न्हाई, पाण्यात हात घालायचा न्हाई, सगळं बराबर सांगितलं.

तलावाच्या मधोमध गेलो अन् त्यांच्यातल्या आजोबांनी हात जोडून आरती सुरू केली.

सगळेच्या सगळे उठून उभे राहिले!

बोट एका बाजूला कलली. काठावरून पाणी आत आलं. लेकराला कडेवर घेतलेली बाई घसरत घसरत पार काठापर्यंत गेली. मी जीव खाऊन ओरडलो, "बसा! सगळे खाली बसा!"

बसले. बोट सावरली. मी ती तशीच सरळ किनाऱ्याला आणली.

उतरताना आजोबा रागानं म्हणाले, "आरती चालू असताना खाली बसवणारा तू पहिलाच भेटला बाबा."

त्यांना अजून कळलेलं न्हाई, काय होणार होतं.

पण मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटून राह्यली. ओरडायच्या आधी, आरतीचा पहिला शब्द कानावर पडला तेव्हा, स्टिअरिंग सोडून मीसुद्धा अर्धा उठलो होतो.

खरं सांगा, तुम्ही बसून राह्यला असता?