तळ्याचा बाक

अभनपूरच्या रस्त्यावर आज शेवाळाचा ओला वास आला आणि मी मनानं थेट कित्येक वर्षांपूर्वीच्या त्या तळ्यावर जाऊन पोचलो. शाळा अर्धवट सोडून, घरापासून लांब, सर्व्हेच्या कामावर माझा पहिलाच आठवडा होता. अर्धा किलोमीटर दूरच्या काठावर, पाण्याच्या पातळीला असलेल्या दगडावर मी मापाची उंच पट्टी धरली. अलीकडच्या काठावरून सर्व्हेच्या मॅडम आडव्या रोखलेल्या दुर्बिणीतून माप वाचत होत्या. पाणी संथ होतं, म्हणजे दोन्ही काठांवर माप एकच यायला हवं होतं. माझं दोन सेंटिमीटर जास्त आलं.

परत येतो तर दुर्बिणीजवळ आमचा मिस्त्री तापलेला. “पोट्ट्यानं पट्टी चिखलात रुतवली. उद्यापासून याले आणू नका, मॅडम!”

“नाही जी, दगडावरच होती,” मी म्हणालो.

मॅडमनी तळहातावर पेनानं आकडे मांडले आणि एकदम हसल्या. “एका किलोमीटरला पृथ्वी आठ सेंटिमीटर वाकते. अंतर निम्मं झालं की बाक चौथाईवर येतो, म्हणून अर्ध्या किलोमीटरला दोन! बरोबर धरली होती रे तू!”

“म्हणजे हे तळं बी वाकलेलं आहे?” मी ओरडलोच.

“हव, वाकलेलंच,” मिस्त्रीही हसला.

त्या सपाट दिसणाऱ्या पाण्याकडे मी डोळे फाडून पाहत राहिलो. तेव्हा वाटलं, नोकरी वाचली. आता वाटतं, माझ्यावर चूक टाकण्याआधी त्या बाईनं आख्खी पृथ्वी तपासून पाहिली.