तिची दुपारची झोप

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये माझ्या समोरच्या घरात राहणारी मुलगी रोइंग करते, म्हणजे शर्यतीची नाव वल्हवते. दुसरं काही करत नाही. पहाटे सराव, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा सराव. जिन्यात भेटली की "बऱ्या ना?" एवढंच विचारते, पण उत्तर ऐकायला थांबते. तळहात घट्ट्यांनी भरलेले.

तरी बिल्डिंगच्या लेखी ती रिकामीच. कुणाचं कुरिअर घ्यायचं असो, कुणाच्या प्लंबरला चावी द्यायची असो, सगळे तिचीच बेल दाबतात. सेक्रेटरींचा भाचा नुसता क्लबात क्रिकेट खेळतो, तर त्याला 'प्लेयर' म्हणतात! माझं डोकंच फिरतं.

परवा भर दुपारी सेक्रेटरी तिची बेल दाबतच राहिले. आवाजाने मीही दार उघडलं. ती डोळे चोळत बाहेर आली.

"टाकी साफ करायला माणसं आलीत. जरा गच्चीवर उभी राहा. तू घरीच असतेस ना!"

"काका, मी झोपले होते. संध्याकाळी परत सराव आहे."

"अगं, होड्या काय वल्हवतेस! नोकरी कधी बघणार?"

"हीच माझी नोकरी आहे, काका."

"मग झोपायची पण ड्युटी असते का?" ते माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही.

"असते," ती म्हणाली. "एक मिनिट हं."

आतून स्क्रू ड्रायव्हर आणून तिने त्यांच्यादेखत बेलचं बटण भिंतीवरून काढलं आणि शांतपणे दार लावून घेतलं.

"बघितलंत, वहिनी?"

"बघितलं," मी म्हटलं. "आता गच्चीवर तुम्हीच जा."