वकिलाला जामीन राहता येत नाही

धारवाडच्या मळमड्डीत गुरुराज वकिलांच्या फाटकावर पाटी आहे. नाव, त्याखाली बी. ए., एलएल. बी. आणि त्याखाली ‘फौजदारी’. वडील गणिताचे मास्तर होते. मुलानं न्यायाधीश व्हावं, निदान जमिनीचे दावे तरी चालवावेत, असं त्यांना वाटे. गुरुराज हुबळीला कायदा शिकले, सनद घेतली आणि तिथल्या राघवेंद्र नावाच्या ज्येष्ठ वकिलांच्या फायली उचलता उचलता आरोपींच्या बाजूनं उभे राहू लागले.

“काय गुरुराज, आज कुठला चोर सोडवलात?” शेजारचे श्रीकांत अजूनही विचारतात.

“चोर आहे की नाही ते अजून ठरायचंय,” गुरुराज स्कूटर लावताना म्हणतात.

कोर्टात ते आवाज चढवत नाहीत. हळू, नेमक्या कन्नडमध्ये बोलतात. ऐकण्यासाठी न्यायाधीशांना पेन खाली ठेवावं लागतं. जामीन मिळवण्यात त्यांचं नाव आहे. म्हणूनच मागच्या हिवाळ्यात अळणावरजवळच्या खेड्यातून जनाबाई त्यांच्याकडे आली.

तिचा मुलगा उमेश धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात हेल्पर होता. तांब्याची तार चोरीला गेली आणि राखणदारानं उमेशचं नाव घेतलं. पहिल्या जबाबात हे नाव नव्हतंच, एवढं एकच गुरुराजांनी कोर्टापुढे धरून ठेवलं. जामीन मंजूर झाला. अट एकच होती: जमीन असलेल्या कुणीतरी उमेशची हमी घ्यायची, जमिनीचा उतारा घेऊन कोर्टात यायचं.

जनाबाई दुसऱ्यांच्या शेतात राबणारी. नात्यात जमीन होती ती फक्त दिराच्या, महादेवच्या नावावर, आणि त्यानं तिला नाही म्हटलं होतं. तेव्हा सुट्टीच्या दिवशी गुरुराज स्वतः तिच्याबरोबर बसनं गेले.

महादेवनं अंगणात खाट टाकली, चहा दिला. गावातले चारदोन जण येऊन बसले.

“महादेवअण्णा, उमेश तारखेला हजर राहील, एवढीच हमी,” गुरुराज म्हणाले.

“आन् पळाला तर?”

“नाही पळणार.”

“तुमास्नी खातरी हाय?”

“आहे.”

महादेवनं बशी खाली ठेवली. “मग तुमीच ऱ्हावा की जामीन. मळमड्डीत घर हाय म्हणं तुमचं.”

अंगणात हसू पसरलं.

“वकिलाला आपल्याच अशिलाचा जामीन राहता येत नाही. नियम आहे.”

“ऐकलंस वैनी?” महादेव जनाबाईकडे वळला. “त्याचा वकील सुदिक त्याला जामीन ऱ्हात न्हाई. आन् म्या ऱ्हायाचं?”

नियमामागचं कारण गुरुराजांना पाठ होतं. अशिलाच्या हमीत ज्याचं स्वतःचं घर अडकलं, त्याला अशिलाची बाजू मोकळेपणानं मांडता येत नाही. कुठल्याही कोर्टात त्यांनी ते समजावून सांगितलं असतं. त्या अंगणात सांगायला गेले आणि प्रत्येक वाक्य सबबीसारखं वाटू लागलं. ते मध्येच थांबले. कपातला चहा थंड झाला होता.

परतीच्या वाटेवर जनाबाई फाट्यापर्यंत सोबत आली. बस दिसल्यावर तिनं विचारलं, “सायेब, तुमी वकील नसता तर ऱ्हायला असता?”

“राहिलो असतो, अक्का.”

तिनं मान हलवली. कुणीतरी दूरच्या गावचं नाव सांगावं आणि आपण ते फक्त ऐकून घ्यावं, तशी.

अट सैल करावी म्हणून गुरुराजांनी अर्ज केला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. पोरगा कंत्राटी कामगार, याला बांधून ठेवणारं काय आहे, असं ते म्हणाले. अर्ज फेटाळला गेला. वरच्या कोर्टात जायचं तर आणखी काही आठवडे. जामीन कागदावर शाबूत होता आणि उमेश आत.

त्याच दुपारी ते तुरुंगात भेटीला गेले. जाळीपलीकडून उमेश हसत आला.

“सायेब, जामीन झाला म्हणं. आतल्या समद्यांना सांगून टाकलंय म्या.”

“झालाय,” गुरुराज म्हणाले, आणि हमीची अट त्यांनी त्याला पहिल्यापासून समजावून सांगितली.

उमेशनं लक्ष देऊन ऐकलं. मग त्याचा चेहरा मोकळा झाला. “एवढंच हाय व्हय? महादेवकाका हाय की. ल्हानपणापास्नं त्याच्याच रानात राबलोय म्या. त्याला इचारलं का?”

गुरुराजांनी शिपायाकडे वळून विचारलं, “भेटीची वेळ संपली का?”

“इन्नू टाइम इदे, सर,” शिपाई म्हणाला. अजून वेळ होता.