दुखतंय म्हणजे नेमकं काय

‘दुखतंय’ हा शब्द कुंदाताई सावंतांसमोर चालायचा नाही. मी तो पहिल्याच भेटीत वापरला आणि भर रस्त्यात स्वतःची उलटतपासणी करून घेतली.

बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटबाहेर पहाटे पळणाऱ्यांचा एक घोळका जमतो. रक्तातली साखर काठावर आलीय म्हणून डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा मी त्यात सामील झालो. सुरुवातीच्याच आठवड्यात एकदा घोटा धरून रेलिंगला टेकलो होतो. समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठी गाठलेल्या, काटक, कानात मोत्याच्या कुड्या आणि पायात भडक नारिंगी बूट. आमचं दोघांचं बोलणं असं झालं.

“काय झालं रे?”

“दुखतंय.”

“दुखतंय म्हणजे? ठणकतंय, सलतंय, खुपतंय, की नुसतीच रग आहे?”

“अहो, सगळं एकच ना?”

“एकच कसं मेल्या? रग असली तर पळायचं, खुपत असलं तर बूट बघायचा, आणि ठणकत असलं तर गप घरी जायचं. एका बोटाने दाखव कुठे ते.”

मी दाखवलं. त्यांनी मला तिथेच फुटपाथवर बसवून बूट काढायला लावला. मोजा घोट्यापाशी दुमडून त्याची जाड घडी झाली होती. एवढंच निघालं. मी ओशाळलो, पण त्या मुळीच हसल्या नाहीत. उलट, चांगली तक्रार निकालात निघाल्यावर माणूस जसा खूश होतो तशा खूश होऊन पळत निघून गेल्या.

‘तक्रार’ हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. कुंदाताईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, तक्रारी ऐकून घेण्यात गेली होती. हे मला पुढे चहाच्या टपरीवर कळलं. माझा स्वभाव चौकस आहे. बायको त्याला भोचक म्हणते. त्यामुळे मी खोदून खोदून विचारत राहायचो आणि त्यांनाही सांगायला आवडायचं. “लोक फोन करायचे, म्हणजे शेजाऱ्याकडून हां, आणि म्हणायचे, आमचा फोन बंद आहे. अरे, बंद म्हणजे काय? मुका झालाय? खरखरतोय? तुमचं त्यांना ऐकू जातं पण त्यांचं तुम्हाला नाही? की मध्येच कोणीतरी तिसराच बोलतोय? लाइनमन चार मजले चढून जाणार. जाताना काय घेऊन जायचं, हे त्याला कळायला नको?” लोक चिडायचे, बाई लवकर माणूस पाठवा म्हणायचे. कुंदाताई शांतपणे पुढचा प्रश्न विचारायच्या. निवृत्त झाल्यावर फोन गेले आणि गुडघे, पोटऱ्या आल्या, एवढाच फरक पडला होता.

आमच्या घोळक्यात जिग्नेश नावाचा कापडाचा व्यापारी होता. मोठा दिलदार माणूस, पण त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांना मिळून एकच वाक्य होतं : “ताई, पैर की वाट लग गई, यार.” कुंदाताई त्याला सोडायच्या नाहीत. “वाट लागली ते दिसतंय. कशी लागली ते सांग. हिंदीत सांग, गुजरातीत सांग.” तो बिचारा डोळे मिटून पोटरीकडे लक्ष द्यायचा. एकदा म्हणाला, “अंदर से कोई चिमटा लेता है और छोडता नहीं.” कुंदाताईंनी टाळीच वाजवली. “शाब्बास! गोळा आलाय. सोलाचं पाणी पी आणि उद्या आराम कर.” मीठ घातलेलं सोलाचं, म्हणजे कोकमाचं पाणी त्या घरून बाटलीतून आणायच्या. परदेशी पावडरी पिणारे आमच्यातले हुशार लोकही शेवटी त्यांच्याच बाटलीवर तुटून पडायचे.

त्यांच्या पिशवीत एक लाटणंही असायचं. गुळगुळीत, एका बाजूने झिजलेलं. लांब पळून आलं की जमिनीवर बसायचं आणि ते पायांवर दाबून फिरवायचं. मी पहिल्यांदा जरा बिचकलो, तेव्हा म्हणाल्या, “घाबरू नकोस, हे पोळ्यांचं नाही, पोटऱ्यांचं आहे.” हा विनोद त्यांनी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवला आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसल्या. आराम करणं त्यांच्या लेखी पळण्याइतकंच कामाचं होतं. कोणी रविवारी लांब पळून पुन्हा सोमवारी हजर झाला, तर त्याला गेटवरूनच परत पाठवायच्या. “काल मोडलंस ते आज झोपेत जोडलं जाणार आहे. जोडू दे की! ओलं प्लॅस्टर कोणी उकरतं का?”

मी दोनेक वर्षांत अर्ध्या मॅरेथॉनपर्यंत पोचलो. कुंदाताईंनी तशा बऱ्याच केल्या होत्या. त्यानंतर त्यांनी पूर्ण मॅरेथॉनचं, बेचाळीस किलोमीटरचं मनावर घेतलं आणि मलाही त्यात ओढलं. आता या वयात बाईंना एवढं कशाला हवंय, या प्रश्नाने मला पछाडलं. मी माझ्या परीने तर्क लढवले. मुलगी लांब बंगलोरला, म्हणून मन रमवत असतील. कधीतरी कोणीतरी तुला जमणार नाही असं म्हटलं असेल. शेवटी सरळ सावंतकाकांनाच विचारलं. काका म्हणजे एकदम शांत माणूस, रविवारी बायकोला न्यायला स्कूटर घेऊन यायचे. ते म्हणाले, “माका काय विचारतंस? मी लग्न झाल्यापासून तिका काय एक विचारूक नाय.”

मग मी कुंदाताईंनाच विचारलं. त्या राजगिऱ्याचा लाडू खात कट्ट्यावर बसल्या होत्या.

“अरे, ती भिंत,” त्या म्हणाल्या.

पूर्ण मॅरेथॉन केलेले लोक सांगतात की पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ‘वॉल’ लागते. तिथे माणूस संपतो. हे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं होतं आणि ऐकून सोडून दिलं होतं. कुंदाताईंना ते सोडून देता आलं नव्हतं.

“प्रत्येकाला विचारलं मी. भिंत म्हणजे काय? दिसते? अंगावर येते? पाय जड होतात की डोकं? तर सगळे एकच सांगतात : ताई, ते सांगून नाही कळत. हे काय उत्तर झालं? एवढे शिकलेसवरलेले लोक, तिथपर्यंत जाऊन येतात, आणि काय झालं ते एकालाही धड सांगता येत नाही. मला बघायचंय. मी सांगीन नीट.”

पदकासाठी पळणारे पाहिले होते, वजनासाठी, घटस्फोटानंतर, पैज म्हणून पळणारे पाहिले होते. एका शब्दाचा अर्थ लागत नाही म्हणून बेचाळीस किलोमीटर पळायला निघालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मला त्यांचा भयंकर हेवा वाटला.

पावसाळा सरल्यावर आम्ही अंतर वाढवत नेलं. पार्कातून कान्हेरीच्या चढावर जायचं, उतरायचं, बाहेर पडून कांदिवलीच्या पुढपर्यंत जाऊन परत यायचं. कुंदाताई सावकाश पळायच्या, पण थांबायच्या नाहीत. पळता पळता भिंतीबद्दल अंदाज बांधायच्या. “मला वाटतं भूक असेल ती. पण भूक असती तर भूक म्हणाले असते ना?” किंवा, “भीती असेल का रे? पण पस्तीस पळून झाल्यावर कसली भीती?” मीही माझे अंदाज सांगायचो आणि त्या ते एकेक करून खोडून काढायच्या. इतक्या मजेचे दिवस मला शाळा सुटल्यापासून मिळाले नव्हते.

डिसेंबरात सगळ्यात लांबचं पळणं झालं, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. कुंदाताई गेटपाशी उभ्या होत्या. नेहमी आधी पाय मोकळे करायच्या, त्या दिवशी नुसत्याच उभ्या. डावा पाय किंचित पुढे टाकलेला.

मी म्हणालो, “काय झालं?”

“काय नाय रे. जरा दुखतंय.”

आणि त्या पळायला लागल्या.

मी दहा पावलं त्यांच्याबरोबर गेलो असेन. मग माझ्या डोक्यात ते वाक्य पुन्हा वाजलं. मी ओळखायला लागल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल कधी ऐकला नव्हता. ज्या बाई जिग्नेशकडून चिमट्याचं वर्णन काढून घेतात, त्या स्वतःच्या पायाबद्दल ‘जरा दुखतंय’ म्हणतात? मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

“कुंदाताई, दुखतंय म्हणजे?”

“रग असेल.”

“असेल?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पार्कात जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिल्या.

“एका बोटाने दाखवता येतं?” मी विचारलं.

त्या वाकल्या आणि नडगीच्या मधोमध बोट ठेवलं. अगदी एका जागी. ठेवताना चेहरा वाकडा झाला. मग तिथेच कडेला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “ठणकता रे. रात्री झोपलंय तरी ठणकता.”

ठणकत असलं तर गप घरी जायचं. त्यांचाच नियम होता, त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितला होता. त्यांनी बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली आणि काकांना फोन लावून म्हणाल्या, “स्कूटर घेऊन येवा.”

नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. त्याहून वाईट म्हणजे हाडं एकूणच विरळ झाल्याचं तपासणीत निघालं. चीर भरून येईल, चाला हवं तेवढं, पण एवढं लांब पळणं आता विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा पायात डॉक्टरांनी दिलेला गुडघ्यापर्यंतचा करडा बूट चढवून त्या सोफ्यावर बसल्या होत्या. मला वाटलं होतं रडतील, चिडतील, डॉक्टरांना नावं ठेवतील. त्यांनी मला पोहे दिले आणि माझी पोटरी कशी आहे ते विचारलं. निघताना म्हणाल्या, “तू जा. नीट लक्ष ठेव. झोपेत चालल्यासारखा पळू नकोस.” मला फार वाईट वाटलं. माझ्या जागी त्यांनी जायला हवं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी मी पळालो. पहिल्या अर्ध्यात काय घडलं ते सांगण्यासारखं नाही. बरं चाललं होतं. पस्तीसनंतर पेडर रोडचा चढ लागतो. दोन्ही बाजूंना लोक उभे राहून ओरडत होते. ढोल वाजत होते, कोणी संत्री देत होतं, कोणी मीठ. त्या गर्दीत दुभाजकाला लागून प्लॅस्टिकच्या स्टुलावर कुंदाताई बसलेल्या दिसल्या. करडा बूट पुढे पसरलेला, मागे बाटली घेऊन सावंतकाका.

काका मला बघून म्हणाले, “सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्याक विचारता. दोघे थांबले. बाकीचे घाबरून पळाले.”

कुंदाताई काठी टेकत उठल्या. सगळी दुनिया ‘कमॉन, कमॉन’ करत होती. त्या तेवढ्या म्हणाल्या, “काय होता तुका? नीट सांग.”

मी थांबलो. थकलोय, असं सांगणार होतो, पण ते खोटं झालं असतं.

“दुखत नाहीये,” मी म्हणालो. “रग आहे, पण ती लांब आहे. शेजारच्या घरात कोणीतरी कण्हत असल्यासारखी.”

“आणि?”

“रडू येतंय.”

“कसं?”

मी डोळे मिटले. कोणीतरी पाठीवर थाप मारून पुढे पळालं. “शाळेत ताप भरला की मला बाईंच्या टेबलाशेजारी बसवून ठेवायचे. घरचं कोणीतरी न्यायला येईपर्यंत. बाकीची मुलं बाहेर खेळत असायची. तसं होतंय. कोणीतरी न्यायला यावं, एवढंच.”

कुंदाताई ऐकत होत्या. त्यांचे ओठ किंचित हलत होते, जणू ते शब्द त्या स्वतःशी म्हणून बघत होत्या.

“कोण यायचं न्यायला?”

“आई.”

त्यांनी मान डोलावली. मग माझ्या घामेजलेल्या दंडावर हात ठेवला आणि कधी नव्हे ते चाचरत विचारलं, “माका पण तसाच झाला असता काय रे?”

हो म्हणावं असं फार मनात आलं. तेवढं तरी त्यांना मिळालं असतं. पण त्यांच्यासमोर आजवर कोणाला अंदाजपंचे बोलता आलं नव्हतं.

“माहीत नाही, कुंदाताई,” मी म्हणालो.

“होय. तुका कसा म्हायत असतला,” त्या म्हणाल्या. काकांच्या हातातली बाटली घेऊन मला दोन घोट पाजले आणि पाठीवर हात ठेवून ढकललं. “जा. थांबलंस तर गोळो येतलो.”

उरलेला चढ मी रडत चढलो. आता ते रडू कशाचं होतं, हे मला अगदी नीट सांगता आलं असतं. पण विचारणारं माणूस मागे राहिलं होतं.