मी उंदरांना मेव्हण्याचा पत्ता दिला

आधीच सांगून टाकतो — भूत, भानामती, चकवा, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. या सदरात आजवर जे जे छापून आलं, ते मी चहा पिता पिता मोठ्यानं वाचून, आवाज बदलून, बायकोला घाबरवायला वापरलेलं आहे. त्यामुळं आज मीच इथं लिहायला बसलोय, याचा सगळ्यात जास्त आनंद तिला झालाय. मागं उभी राहून ती म्हणते, "मीठमसाला कमी टाका." टाकतच नाही. गरजच पडणार नाही!

माझा धंदा विम्याचा. समोरचा माणूस दार लावून घेत असतो आणि मी बोलून बोलून ते उघडं ठेवतो... पुढं त्याच माणसाची बायको मला चहा आणून देते. गणपतीत नाटक असलं की मोठं भाषण असलेली भूमिका ठरलेली माझीच. थोडक्यात, तोंड हेच माझं भांडवल.

आणि घर म्हणाल तर छावणीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. हो, आपल्या संभाजीनगरातच. वडिलांनी नोकरीत असताना घेतलेलं बैठं घर — जाड दगडी भिंती, वर कौलं, स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली. उन्हाळ्यात पाहुणे म्हणतात, काय गार घर आहे हो तुमचं! हिवाळ्यात मात्र कुणी फिरकत नाही. फिरकतात ते उंदीर. डिसेंबर लागला, खाम नदीकडून वारं सुटलं, की बाहेरची सगळी उंदीरसंस्था आमच्याकडं मुक्कामाला येते. दरवर्षी आम्ही चार-दोन पिंजऱ्यात धरायचो, नदीपलीकडं सोडायचो आणि थंडी ओसरेपर्यंत एकमेकांना सांभाळून घ्यायचो.

पण तीन वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी होती. आमच्या ऋतुजाला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. तिच्या सासूबाई नाशिकहून "सहज" आल्या... घर बघायला. सुलभा, म्हणजे माझी बायको, त्यांना गरम पोळी वाढत होती. तेवढ्यात कोठीतून एक उंदीर निघाला आणि विहीणबाईंच्या पावलावरून गेला. शेजारून नाही. पावलावरून!

त्या ओरडल्या नाहीत. ताटातला घास तसाच ठेवून शांतपणे म्हणाल्या, "दादा, तान्ह्या बाळाचं बोट कुरतडलं तर?"

बाई खरं बोलत होत्या.

सुलभाच्या धाकट्या भावाला, दिलीपला, कुठून कळलं देव जाणे. संध्याकाळी त्याचा फोन. "दाजी, कशाला टेन्शन घेता? आमच्या पुंडलिकनगरच्या फ्लॅटवर करू ना बाळंतपण. तिसरा मजला. उंदीर सोडा, डाससुद्धा बेल वाजवून येतो!"

ठरलं. नववा लागायच्या आत आमचं घर साफ झालं तर इथं, नाहीतर दिलीपकडं. मग ऋतुजाचा फोन आला. "बाबा, मला मामाकडं नाही जायचं."

"अगं, मामी किती प्रेमाची..."

"मामी चांगलीच आहे. पण मला भीती वाटतेय ना... तिथं मी हसून दाखवत बसणार. आपल्या घरी मला रडता येतं."

मी कामाला लागलो.

बिळांत काचेचे तुकडे घालून वर सिमेंट लिंपलं. मोरीला जाळी, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी. गहू-ज्वारी पोत्यांतून पत्र्याच्या कोठ्यांत. भिंतीला टेकलेली जुनी लाकडं काढून टाकली. पिंजऱ्यात भजी लावली. एकदा पिंजऱ्याचं दार खाली पडलं, उंदीर निसटला, अर्धी शेपटी मागं राहिली. डावा कान त्याचा आधीच फाटलेला. त्याचं नाव आम्ही ठेवलं बांड्या. तो त्यानंतर उलट जास्तच धीट झाला. भर दिवसा यायचा, बसायचा, मिशा साफ करायचा.

आता इथं एक गंमत आहे. उंदराचं औषध आणलं की सुलभा घरात त्याचा उच्चार करायची नाही. पुडी पदराखाली धरून मला डोळ्यांनी खुणावायची. शेजारचे युसुफभाई, गाद्या-रजयांचं दुकान आहे त्यांचं, तेही तसलेच.

"भाई, चूहों के सामने दवा का नाम नक्को लो. सब समझते वो. तुम बोले, की कपडे गए तुमारे!"

मी खो खो हसलो. आणि तसाच कोठीच्या दारात उभा राहून, नाटकातला आवाज लावून गरजलो, "मंडळी! आजच्या जेवणात विष आहे हो!"

सकाळी औषधाची वडी जशीच्या तशी. आणि माझ्या चांगल्या कोटाची एक बाही... जाळी.

"योगायोग," मी म्हणालो. सुलभानं तो कोट घडी घालून माझ्या उशाशी ठेवला.

नववा तोंडावर आला. एका रविवारी दुपारी सुलभानं हार मानली. पाळणा, दुपटी, रजया, बाळंतिणीची खाट — सगळं टेम्पोत भरलं आणि सामान घेऊन ती दिलीपकडं गेली. मी घरात एकटा. कोठीत गेलो, एक डबा उपडा करून बसलो. कौलांच्या काचेतून उन्हाची तिरीप खाली पडली होती. त्या तिरिपीत बांड्या येऊन बसला. टेम्पो जाऊन बराच वेळ झाला होता, हे लक्षात ठेवा. मीही नीट लक्षात ठेवलंय.

का कोण जाणे, माझ्यातला एजंट जागा झाला.

"बसा," मी म्हणालो. बसलेलाच होता. "थंडी फार आहे नाही? आता इथं तुम्हाला काय मिळतं सांगा. गार दगड आणि पत्र्याच्या कोठ्या. मी तुमच्या भल्याचं सांगतो. पुंडलिकनगर! इथून निघायचं, क्रांती चौकातून जालना रोड धरायचा, गजानन महाराज मंदिराकडं उजवीकडं वळायचं. पाण्याच्या टाकीमागची पिवळी बिल्डिंग, तिसरा मजला, डावं दार. माझा सख्खा मेव्हणा आहे. घर उबदार. कांदे-बटाटे ओट्याखाली उघडे. त्याच्या बायकोला शेंगदाण्याच्या चिक्कीची आवड आणि डब्याला झाकण लावायचा कंटाळा. घरात मांजर नाही. सही नको, मेडिकल नको!"

भाषण रंगलं हो. कोठ्यांच्या मागून अजून एक-दोन नाकं बाहेर आली होती, असंही मला वाटलं. पण वाटण्यावर मी जात नाही. शेवटी उठलो, प्रत्येक गिऱ्हाइकाला करतो तसा नमस्कार केला, "बरंय, या मग पुन्हा," म्हणालो आणि हसत हसत बाहेर येऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी कोठी शांत. पिंजऱ्यातली भजी तशीच. तिसऱ्या दिवशीही तेच. लेंडी नाही, खुडबुड नाही.

"औषध घातलंत का?" सामान लावून परत आलेल्या सुलभानं खुणेनं विचारलं.

"नाही," मीही खुणेनंच सांगितलं. का, ते विचारू नका.

आणि मग दिलीपचा फोन. "दाजी... आमच्याकडं उंदीर झालेत."

"किती?"

"मोजायला थांबतात व्हय ते? ओट्याखाली कांद्यांचा चिवडा करून टाकला. चिक्कीचा डबा रिकामा! तिसरा मजला आहे हो, लिफ्टनं आले का काय?"

मी पाणी पीत होतो. ते नाकातून आलं.

सुलभा भावाच्या मदतीला गेली. संध्याकाळी परत आली ती चप्पल न काढता खुर्चीत बसली. "आपला बांड्या होता."

"अगं, तुटक्या शेपटीचे उंदीर काय शहरात कमी आहेत?"

"डावा कान फाटलेला. तोच. बघितलं त्यानं माझ्याकडं. ओळखीचं."

आता कुणी म्हणेल, टेम्पोतल्या रजयांतून गेले असतील. एक-दोन जातीलही! पण टेम्पो निघून गेल्यावर बांड्या माझ्यासमोर उन्हात बसला होता, आणि त्यानंतर आमच्या घरातून तिकडं काहीही गेलं नव्हतं. छावणी कुठं, पुंडलिकनगर कुठं... मध्ये अख्खं शहर. क्रांती चौक मला स्कूटरवर धड ओलांडता येत नाही.

मग मी सुलभाला सगळं सांगितलं. चिक्कीपर्यंत येईस्तोवर ती दाराला धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या.

"आणि निघताना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? या मग पुन्हा."

तिचं हसू तिथंच थांबलं. "पुन्हा या म्हणालात?"

"अगं, सवय..."

"फ्लॅटवरच्या उंदरांचं कळल्यावर विहीणबाई आता आपल्याकडंच पाठवतायत ऋतूला. परवा लेक येतेय. आणि तुम्ही त्यांना पुन्हा या म्हणालात?"

मी मानत नाही. पण त्या रात्री दाराखालची पत्र्याची पट्टी मी दोनदा तपासली, हे कबूल करतो.

ऋतुजा आली. आल्या आल्या जुन्या खाटेवर पडून मनसोक्त रडली, मग दोन भाकरी खाऊन झोपली. सुलभा मात्र दिवे लागले की कोठीच्या दारात पाट टाकून बसायची. युसुफभाईंना विचारावं तर ते दाढी खाजवून म्हणाले, "बुलाए हैं तो आएँगे ना, भाई." हे असलं धीर देणं! तिकडं दिलीप रोज फोनवर. "दाजी, तुम्हीच धाडलं, तुम्हीच हलवा." गोष्ट गावापर्यंत गेली. पिशोरहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला.

"ऐकलं रे सगळं. लई हसलो. पण एक सांगतो, पिशोरचं नाव तोंडातून काढू नको. घरात मका पडलीय."

"दादा, तू पण मानतोस?"

"मी नाय मानत. तू नाव काढू नको."

शेवटी गेलो पुंडलिकनगरला. दिलीपनं ओट्यासमोर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, मला बसवलं आणि बाहेरून दार लावून घेतलं. सिलेंडरच्या मागून बांड्या आला.

मी घसा खाकरला... आणि गप्प. कारण पत्ता कुठला देऊ? ज्या गल्लीचं नाव घ्यावं तिथं कुणाचं तरी घर, कुणाची तरी लेक. रानात जा म्हणावं, तर या थंडीत? आणि आमच्याकडं येऊ नका म्हणावं, तर मीच बोलावलेलं. तो आपला बघतोय. उभ्या आयुष्यात माझं तोंड इतका वेळ बंद राहिलं नव्हतं.

मग मी एवढंच म्हणालो, "घरी लेक आलीय. अवघडलेली आहे. आधीच घाबरलेली आहे बिचारी... तिला त्रास देऊ नका."

आवाज लावला नाही, हातवारे नाहीत. शेवटचं वाक्य तर मलाच नीट ऐकू आलं नाही. उठलो. "या" ओठांवर आलं होतं, ते गिळलं. "जा" म्हणायला जीभ वळली नाही. तसाच बाहेर आलो.

"काय म्हणाले?" दिलीपनं विचारलं.

"कोण काय म्हणाले?"

"नाही, म्हणजे... तुम्ही काय म्हणालात?"

दुसऱ्या दिवशी दिलीपचं घर रिकामं. तो पेढे घेऊन आला, आणि आमच्या घरात कुणाच्या घशाखाली पेढा उतरेना. आता आज येतील का उद्या? त्यातच ऋतुजाला कळा सुरू झाल्या. दवाखाना, धावपळ... मुलगी झाली. बाळाला घरी आणलं त्या दिवशी सुलभानं दिलीपकडून परत आणलेला पाळणा खोलीच्या अगदी मधोमध टांगला आणि त्याच्याखाली सतरंजी टाकून बसली. ती तशी किती दिवस बसली, ते तीच जाणे.

कुणीही आलं नाही. त्या थंडीत नाही, पुढच्या थंडीत नाही, अजूनही नाही. पिशोरला मका सुखरूप. युसुफभाईंचा कापूस सुखरूप. दिलीपच्या खालच्या-वरच्या सगळ्या मजल्यांवर मी स्वतः जाऊन चौकशी केली, लोकांना वाटलं पॉलिसी विकायला आलोय. कुणाकडंच नाही. मग ते गेले कुठं?

मित्र म्हणतात, सिमेंट आणि पत्र्याची पट्टी कामी आली. असेल. दिलीप म्हणतो, बोका फिरत असेल. असेल. पण मग तिसरा मजला, डावं दार? मला खरंच कळत नाही हो. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा, पण जरा हळू आवाजात सांगा.

नात आता चुरूचुरू बोलते. सुट्टीत आली की माझ्या मागं कोठीत येते. तिचं लक्ष नसताना मी कोपऱ्यात अर्धं बिस्किट ठेवतो. बांड्यासाठी वगैरे नाही, उगाच. सकाळी बिस्किट तसंच असतं. फक्त मुंग्या लागलेल्या असतात, दारापासून कोपऱ्यापर्यंत लांबच लांब रांग.

सुलभा म्हणते, "यांना सांगा की काहीतरी."

अजून माझी हिंमत झालेली नाही.