मामांच्या शेजारची जागा

गाडीला चावी लावण्याआधी मामा खाली उतरून रस्त्यात उभे राहायचे. ज्या बाजूला आम्हाला जायचं असेल त्या बाजूने येणारं पहिलं वाहन हात दाखवून थांबवायचे. मग ती एसटी असो, विटांचा ट्रक असो, की दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल. "कुठनं आलास? मधी कुठं अडला काय? पुलावर पाणी हाय?" अशी चौकशी पुरती झाल्याशिवाय जीप हलायची नाही. आत आम्ही तेरा मुली एकमेकींच्या मांडीवर बसून उकडून निघत असू. आमचे खेळाचे सर घड्याळ दाखवायचे. मामा शांतपणे म्हणायचे, "कालचा रस्ता मला पाठ हाय, सर. आजचा त्याला इचारू द्या."

ते आमच्यापैकी कोणाचेच मामा नव्हते. त्यांची सगळी नोकरी भातसानगरला धरणाच्या साहेबांची जीप चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची एक जुनी जीप घेतली आणि ती किन्हवली-शहापूर रस्त्यावर प्रवासी भरून चालवू लागले. रविवारी मात्र ती जीप आमची, म्हणजे किन्हवलीच्या शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाची. मी गोलकीपर होते, म्हणून मामा मला "गोली" म्हणत. खेळातलं त्यांना काही कळत नसे. आम्ही मैदानात उतरलो की ते मैदानाकडे पाठ करून बसत आणि परतीच्या रस्त्याची चौकशी करत. सामना संपल्यावर एकच प्रश्न विचारत, "कुणाला लागलं नाय ना गो?"

आमचं मैदान मैदान म्हणून मान्यच झालं नव्हतं. एका बाजूला उतार, मधोमध खडक आणि एका गोलच्या मागे विहीर. त्यामुळे साखळी स्पर्धेतला प्रत्येक सामना दुसऱ्याच्या गावी. बदलापूर, वसई, वाडा, उल्हासनगर. समोरच्या मुली घरून चालत मैदानावर यायच्या, आम्ही तीन तास जीपमध्ये आखडून. मामा हायवेचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे. "आतून जाऊ," हे त्यांचं ठरलेलं. बदलापूरला जायचं तर सरळगाव, मुरबाड आणि तिथून बारवी धरणाच्या कडेने. कोणत्या गावचा बाजार कधी, कोणत्या वळणावर बैल बसलेले असतात, म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत कुठून वळायचं, सगळं त्यांच्या डोक्यात होतं.

एकदाच सरांनी त्यांचं ऐकलं नाही. वसईच्या सामन्याला मामा "वाड्यावरून जाऊ" म्हणत होते, सरांनी हायवे धरायला लावला आणि भिवंडीच्या अलीकडे आम्ही तीन तास अडकून पडलो. पोहोचलो तेव्हा समोरचा संघ कपडे बदलून निघाला होता. स्पर्धेचा नियम असा होता, की ठरल्या वेळी निदान सात मुली मैदानात उभ्या हव्यात. नाहीतर सामना समोरच्यांचा. आणि असं दोनदा झालं तर संघ कायमचा बाद. आमची एक वेळ तिथे संपली.

बाद होणं म्हणजे आमच्यासाठी नुसती स्पर्धा जाणं नव्हतं. आमची कप्तान सुगंधा. तिच्या घरी स्थळं यायला लागली होती आणि "खेळ संपला की बघू" एवढ्या एका वाक्यावर ती थांबली होती. माझ्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "एकदा बंद पडलं की परत सुरू करायचं नाय." मुलींना एवढ्या लांब पाठवायला सगळे आईबाप तयार झाले होते तेही मामांच्या नावावर. दुसऱ्या कोणाच्या गाडीत त्यांनी आम्हाला बसू दिलं नसतं.

मामांच्या एका सवयीची आम्हाला गंमत वाटायची. पुढे बसलेल्या मुलीला ते वाटेतल्या पाट्या वाचायला लावायचे. "वाच बघू काय लिवलंय." आम्हाला वाटायचं, शाळेत काय शिकतो याची परीक्षा घेतायत. वसईच्या त्या फजितीनंतर पुढच्याच महिन्यात, बदलापूरहून परत येताना, एका शाळेसमोर नवा गतिरोधक घातलेला होता. पांढरे पट्टे ओढलेला, भर दुपारच्या उन्हात चमकणारा. मामांनी गाडीचा वेग जराही कमी केला नाही. जीप उडाली, सगळ्यांची डोकी छताला आपटली. मुली ओरडल्या, हसल्या. मी पुढे बसले होते. मामा पुटपुटले, "हा कवा टाकला?" त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

सरळगावला सर आणि मुली वडापाव खायला उतरले. मी जीपमध्येच बसून राहिले. म्हटलं, "मामा, तुम्हाला तो दिसला नाही."

त्यांनी गाडीची चावी काढून मुठीत धरली. मग म्हणाले, "साखरेनं डोळं खाल्लं गो. डावा गेलाच. उजव्यानं धुरातनं बघितल्यागत दिसतं. डॉक्टर बोलला, गाडी बंद कर."

"मग?"

"मग काय? चार येळा सरांकडं सांगायला गेलतो. तोंडातनं निघत नाय. परत आलो. तू सांग. आजच सांग, गोली."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढे याच्या अगदी उलट गोष्ट गावभर झाली. मामांनी मला सांग म्हटलं होतं. गप्प बसायचं मी ठरवलं.

"तीनच सामने राहिलेत, मामा," मी म्हणाले. "मी तुमच्या शेजारी बसते. काय दिसतं ते सगळं सांगते."

"येडी हायस काय? तेरा पोरी हायेत गाडीत."

"तुम्हाला रस्ते पाठ आहेत."

हे वाक्य त्यांना ऐकायचं होतं, हे मला माहीत होतं. म्हणून तर मी ते म्हटलं. त्यांनी डोळे पुसले आणि जीप सुरू केली.

पुढचे दोन सामने आम्ही तसेच गेलो. मी हळू आवाजात बोलत राहायचे. "डावीकडे बैल. समोर एसटी. खड्डा, मोठा आहे. सायकल, मामा, सायकल." मागच्या मुली चिडवायच्या, की गोली आता कंडक्टर झाली. मामा हूं म्हणायचे आणि चाक वळवायचे. मैदानात उतरल्यावर माझ्या हातातून चेंडू निसटायचा. रात्री झोपेत मी "खड्डा, खड्डा" असं बडबडते, असं आई सांगायची. तरीही एक सामना आम्ही जिंकलो, एक बरोबरीत सुटला. शेवटचा जव्हारला होता. जिंकू नाहीतर हरू, मैदानात उभं राहिलो की संघ पुढच्या वर्षीसाठी टिकणार होता.

जव्हारला दोन रस्ते. एक वाड्यावरून, ट्रकांच्या गर्दीचा. दुसरा कसाऱ्यावरून विहीगाव, खोडाळामार्गे. मोकळा, पण घाटाचा आणि वळणांचा. मामा म्हणाले, "वाड्यावरनं जाऊ. गर्दीत गाडी हळू चालंल, ते बरं." त्यांना काय म्हणायचं होतं ते फक्त मला कळलं. पण त्या दिवशी दोन मुलींची एसटी चुकली होती आणि निघायलाच आम्हाला पाऊण तास उशीर झाला होता. वाड्यावरून गेलो तर वेळेत पोहोचणार नव्हतो. सरांनी माझ्याकडे पाहिलं. हल्ली मामा माझं ऐकतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी म्हणाले, "खोडाळ्यावरून जाऊ." मामांनी मान हलवली. त्या सकाळी त्यांनी एकही वाहन थांबवून विचारपूस केली नाही. वेळच नव्हता.

विहीगाव सोडल्यावर रस्ता रिकामा होता. मी बोलत होते, आणि मधेच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. किती मिनिटं उरली ते मोजायला. मान वर केली तेव्हा वळणावर एक बाई होती, डोक्यावर लाकडाची मोळी. मी किंचाळले. मामांनी सगळा जोर ब्रेकवर टाकला. बाईने मोळी फेकली आणि कडेच्या चरात उडी मारली. जीप मोळीवरून जाऊन त्याच चरात, तिच्यापासून हातभर अंतरावर, पुढचं चाक घालून थांबली.

बाईचा गुडघा फुटला होता, बाकी काही झालं नव्हतं. आम्हा मुलींच्या अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. मामा चाचपडत खाली उतरले, आवाजाच्या रोखाने तिच्यापर्यंत गेले आणि हात जोडून रडू लागले. "बाय, मला दिसला नाय. मला नाय दिसला."

सर मागून धावत आले होते. "दिसलं नाही म्हणजे? मामा, समोर तर होती!"

"नायच दिसत, सर. दिवाळीपासनं दिसत नाय."

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी वळून आम्हाला मोजलं. एक, दोन, तीन करत तेरापर्यंत, आणि मग पुन्हा एकदा. बाईच्या गुडघ्याला त्यांनी आमच्या पेटीतली पट्टी बांधली. तेवढ्यात मामांनीच विचारलं, "सामना किती वाजता?"

तासाभराने होता.

कसाऱ्याकडून भाजीच्या रिकाम्या क्रेट्सचा एक पिकअप आला. मामा त्याच्या आवाजाच्या दिशेने हात पसरून रस्त्यात उभे राहिले. ड्रायव्हर पंचविशीतला. मोखाड्यापर्यंतच जाणार म्हणाला, आणि मागे सात-आठजणांच्या वर घेणार नाही. मामा वाकले आणि त्यांनी त्या पोराच्या पायाला हात लावला. "जव्हारला सोड. सात पोरी घे फक्त. मी तुझ्या पाया पडतो." तो पोरगा इतका दचकला की हो म्हणाला.

सात. सरांनी नावं घेतली. गोलकीपर म्हणून पहिलं माझंच होतं. मी म्हणाले, मी मामांजवळ थांबते. सर माझ्यावर ओरडले, "गोलकीपरशिवाय उभं राहायचं का?" मी क्रेट्सवर चढले. सर आमच्याबरोबर आले. उरलेल्या सहाजणी त्या बाईला तिच्या पाड्यावर पोहोचवून, मामांचा हात धरून, चालत खोडाळ्याला गेल्या आणि तिथून एसटीने घरी आल्या. पिकअप वळला तेव्हा मामा चरात गेलेल्या जीपला टेकून उभे होते आणि तोंड भलत्याच दिशेला करून आम्हाला हात करत होते.

आम्ही सातजणी वेळेला चार मिनिटं असताना मैदानात उभ्या राहिलो. अकराजणींसमोर पहिल्या अर्ध्या तासात पाच गोल झाले. त्यातले दोन मी अडवू शकले असते. आम्ही सात-शून्य हरलो. संघ टिकला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सगळे पालक जमले. मामांना खुर्ची दिली होती, ते बसले नाहीत. सुगंधाचे वडील म्हणाले, "गोली पुढं बसायची. तिला म्हायती नव्हता काय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे वडील माझ्या बाजूलाच उभे होते. मी तोंड उघडलं, पण आधी मामाच बोलले.

"तिला काय इचारता? ती सरांना सांगायला निघालीवती. मीच दम दिला. बोललीस तर परत गाडीत घेणार नाय, बोललो."

मी जमिनीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता बोलेन, आता बोलेन. लोक उठून गेले तरी मी तशीच उभी होते.

गावाने मामांना टाकल्यासारखंच केलं. जीप विकली. ते आटगावला लेकीकडे राहायला गेले. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी मी म्हणाले, "मामा, मी सगळ्यांना खरं सांगते."

"मग? तुझा बाप तुला मैदानात सोडंल काय? माझी गाडी गेलीच. तू तुझं कशाला घालवतेस?" मग त्यांनी विचारलं, "त्या बाईचा गुडघा बरा झाला काय? कुणी गेलता काय बघायला?" कोणी गेलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मी गेले. ती बरी होती. ते सांगायला मात्र मी आटगावला गेले नाही. माझे सामने सुरू झाले होते.

मी पुढे जिल्ह्याच्या संघातून खेळले. आज मुरबाडला एका शाळेत खेळ शिकवते. सुगंधा शिकली, नोकरीला लागली. आमचा संघ अजून आहे. हे सगळं मामांच्या त्या खोट्या बोलण्यावर उभं आहे, आणि मी आठ वर्षं ते तसंच राहू दिलं.

या पौषात मामा गेले. दहाव्याला भातसा नदीवर त्यांच्या घरची माणसं आणि धरणावरचे दोन जुने सोबती होते. किन्हवलीहून मी आणि सर, एवढेच. सर लांब, एका दगडावर बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि सरळगावच्या त्या दुपारपासून सगळं सांगितलं. मामा काय म्हणाले, मी काय म्हणाले, रस्ता कोणी निवडला.

सर पाण्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "मी शाळेला येताना रोज आटगावला उतरतो. ते स्टेशनबाहेरच्या बाकावर बसलेले असायचे. आठ वर्षं मी त्यांच्या समोरून गेलो, एक शब्द न बोलता. त्यांना दिसत नाही, हे मला बरं वाटायचं."