बाळंतिणीचं ताट

सातव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर वाढलेली निघाली, आणि मीरा रोडच्या डॉक्टरांनी मला डाएटवाल्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम माझ्याहून लहानच असतील. म्हणाल्या, "दिवसभरात जे तोंडात जाईल ते सगळं लिहायचं. चहाचा घोटसुद्धा. आणि रोज संध्याकाळी मला व्हॉट्सॲपवर पाठवायचं."

मी फोनमध्ये लिहायला लागले. सासूबाईंना, म्हणजे मी ज्यांना आईच म्हणते त्यांना, यातलं काही पटलं नाही. आमचं घर राई गावात. मागे खाडी, पुढे नव्या बिल्डिंगी. मी सांगलीकडून इथे लग्न होऊन आलेली. ताजी मासळी कशी ओळखायची इथपासून सगळं मला आईंनीच शिकवलेलं. माझ्या जेवणावर हुकूम त्यांचा. त्यात ही तिसरीच बाई आली.

"एक वाटी भात म्हंजे कंची वाटी गो?" त्यांनी तीन वाट्या माझ्यापुढे मांडल्या. "त्या मॅडमची वाटी केवढी हाय ते इचार."

मी खरंच विचारलं. मॅडमनी फोटो पाठवला. आईंनी तो फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला आणि म्हणाल्या, "यवढ्यात तर मांजरपन जेवत न्हाय."

पण दुसऱ्या दिवसापासून भात त्याच मापाने आला. संध्याकाळी मी लिहिलेलं वाचून दाखवायचे आणि आई भाजी निवडता निवडता चुका काढायच्या. "कच्चा कांदा खाल्लास, तो लिव." "मांदेल्या चार खाल्ल्यास, तीन न्हाय." नाचणीची भाकरी, चवळीचं कालवण, ताक, मूठभर शेंगदाणे. एवढं साधं खाणं मी आयुष्यात कधी एवढं लक्ष देऊन खाल्लं नव्हतं. पुढच्या तपासणीत साखर आटोक्यात आली, तेव्हा आईंनी ते अख्ख्या आळीत सांगितलं, जणू त्यांचाच रिपोर्ट आला होता.

बाळासाठी आधी काही आणायचं नाही, असं आईंचं ठाम मत. झबलं नाही, दुपटं नाही. बाळंतिणीसाठी आणायला मात्र हरकत नव्हती. भाईंदरच्या बाजारातून त्या डिंक, खारीक, खोबरं आणि अळीव घेऊन आल्या. स्टीलच्या डब्यांत भरून वरच्या फळीवर ठेवलं. मी फळीकडे बघायचे आणि मला बाळ आलंच आहे असं वाटायचं.

आठवा संपत आला होता. उन्हाळा लागला होता. एका सकाळी मला जाणवलं, की उठल्यापासून बाळ हललं नाहीये. दवाखान्यात फोन केला. तिथली बाई म्हणाली, "काहीतरी गोड, थंड प्या. डाव्या कुशीवर पडून राहा. हललं नाही तर लगेच या."

आईंनी लिंबाचं सरबत केलं. साखर हाताला येईल तेवढी घातली. दोन महिने मी साखर चाखली नव्हती. ते सरबत मला फार आवडलं. आवडलं, याचाच मला अजून त्रास होतो. डाव्या कुशीवर पडून मी वाट बघत राहिले. आई माझ्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतला आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली, "रिक्षा बोलाव."

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी मशीनचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. बाकी कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी जन्मली. मुलगी. माझ्या नवऱ्याचं नाक, भरपूर जावळ. आईंनी तिला टॉवेलात घेतलं, तिची बोटं एकेक करून सरळ केली आणि म्हणाल्या, "लांब हायत बोटं. माज्यावानी." मग नवरा आणि त्याचे काका तिला घेऊन गेले. कुठे, ते मी विचारलं नाही. मला ऐकवलं नसतं.

घरी आले आणि दूध आलं. त्याबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, शरीराला कळलं असेल. आई बाजारात जाऊन ओंजळभर मोगरा घेऊन आल्या. दूध आटतं म्हणून जुन्या बायका तो छातीला बांधतात. त्यांनी मऊ सुती कापडात फुलं घालून ती माझ्या छातीला बांधली. सबंध खोलीला मोगऱ्याचा वास. मी तेव्हापासून गजरा घातलेला नाही.

त्याच संध्याकाळी फोनवर मॅडमचा मेसेज आला. 'तीन दिवस काही पाठवलं नाहीत? असं करू नका हं.' त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मी लिहिलं, 'बाळ राहिलं नाही.' मग एवढंच आलं, 'ताई, तुम्ही काही खाल्लंय का?'

मी आईंना विचारलं, "आज मी काय खाल्लं?" मला खरंच आठवत नव्हतं.

"पेज पिलीस सकाळी. दुपारी अर्धी भाकर आन मुगाचं वरन. लिव."

मी लिहिलं. त्या दिवसापासून पुन्हा रोज लिहीत गेले.

आईंनी माझं पूर्ण बाळंतपण केलं. तेल, शेक, गरम पाणी, वेगळं ताट. चुलतसासू भेटायला आल्या, त्यांनी ताटातला डिंकाचा लाडू बघितला आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "पोर न्हाय तं बाळंतपन कसलं गो?"

आई उठल्या. आवाज चढवला नाही. "पोर न्हाय जगली. पन ही बाळंत झालीच ना? हाडं हिचीच मोडली ना? तू चा पी आन जा."

माझ्या नवऱ्याला मात्र ते ताट बघवत नव्हतं आणि माझं लिहिणंही. तो काशीमिऱ्याला गोडाऊनमध्ये कामाला. आल्यावर मोरीपाशी उभ्यानेच चार घास गिळायचा. एकदा मला फोनवर लिहिताना बघून तो ओरडला, "कोणासाठी लिहितेयस हे आता? कोणाची साखर मोजायचीय?" तो ओट्याला टेकून रडायला लागला. तोपर्यंत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

एका दुपारी मी मागचं वाचत बसले होते. पेज, भाकरी, मुगाचं वरण, डिंकाचा लाडू. अळीव मात्र एकदाही नव्हते. फळीवर बघितलं, डबाही नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आई, अळिवाचं काय झालं?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "अळीव दूध आनतात," त्या म्हणाल्या. "शेपूपन. म्हनून न्हाय केला. शेजारच्या बिल्डिंगीत एक बाळंतीन हाय, तिला दिला डबा."

मी तिथेच खाली बसले आणि रडले. दवाखान्यातसुद्धा तशी रडले नव्हते. आईंनी सूप बाजूला सरकवलं.

"तुज्या नवऱ्याच्या आधी माजा एक गेला," त्या म्हणाल्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मला हे ठाऊक नव्हतं. "सासूनं लगेच मिठागरात धाडली. मिठाच्या पान्यात उभी. पाय फाटलेले, त्यात मीठ. दूध गळून चोळी भिजायची, तेच्यावर मीठ सुकायचं. काय जेवली, कुनी इचारलं न्हाय. माजं मलापन आटवत न्हाय."

मग त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मीही सुपात हात घातला.

सव्वा महिना झाल्यावर मी भाईंदर पश्चिमेला माझ्या ऑफिसात परत गेले. साखर नॉर्मल आली. अजून दुसरं मूल नाही. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न करायला हरकत नाही. मी हो म्हणते आणि घरी येते. जेवण मी आजही लिहिते, मॅडमना पाठवत नाही. का लिहिते, हे मला नीट सांगता येत नाही. न लिहिलेला दिवस कुणी विचारलाच नाही असा वाटतो.

या उन्हाळ्यात एका रविवारी नवरा सकाळीच म्हणाला, "चला, दाखवतो." आम्ही दोघीही समजलो. रिक्षा केली. स्मशानाच्या मागच्या अंगाला, खाडीकडच्या कुंपणाजवळ त्याने जागा दाखवली. खूण काहीच नव्हती. पण तो अडखळला नाही, तेव्हा मला कळलं की तो इथे येत असतो.

मी उभीच राहिले. आई खाली बसल्या, मातीवर हात ठेवला आणि चटकन उचलला. माती तापलेली होती.

"हितं सावली न्हाय रे," त्या मुलाला म्हणाल्या, आणि पदर पसरून तशाच वाकून बसून राहिल्या.